ओल्या भिंतीचं वर्ष

फाल्गुन सरत आला, मोहाची फुलं पहाटे टपटपायला लागली, डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवर लग्नांची बोलणी पक्की व्हायला लागली, की एक वास मला आधी घशात जाणवतो आणि मग नाकात. रात्रभर भिजलेल्या तांदळाचा किंचित आंबूस वास. त्याच्याखाली शेणाचा, शेणाखाली मातीचा, आणि अगदी तळाशी कुडाच्या आत उभ्या असलेल्या कारवीचा; तोडून वर्षं झाली तरी अंगावर ओलं सारवण पडलं की ही कारवी पुन्हा रानात असल्यासारखी दरवळते. चारही वास वेगळे काढता येतात. मी काढत बसते. घाई कसलीच नसते, भिंत वाळायला वेळ असतो.

त्या भिंतीची एक गंमत पुस्तकांत छापलेल्या चित्रांवरून कधीच कळत नाही. तांदळाचं पीठ ओलं असताना जवळजवळ दिसत नाही. काडीनं रेघ ओढली की भिंतीवर उमटतो तो नुसता एक ओला माग, गोगलगाय गेल्यासारखा. रेघ ओढणाऱ्या बाईला आपण काय काढतोय ते पुरतं दिसत नसतं. ते हाताला ठाऊक असतं, डोळ्यांना मागाहून कळतं. मग दारातून ऊन आत सरकतं, सारवण सुकू लागतं आणि एकेक रेघ आधी करडी, मग राखी, मग लख्ख पांढरी होत वर येते. चित्र दिसायला लागतं तसतसा वास जायला लागतो. पूर्ण चित्र आणि पूर्ण वास दोन्ही एका वेळी कुणालाच मिळत नाहीत.

मला नेहमी वासच हवा असायचा.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या बदल्यांमागे आमचं बिऱ्हाड कधी शहापूर तालुक्यात, कधी मुरबाडात फिरायचं. कधी खिडकीत माहुलीचे सुळके, तर कधी सिद्धगड आणि गोरखगड. बदली झाली की घर बदलायचं, पाणवठा बदलायचा, शेजार बदलायचा. इथे वारली, तिथे ठाकर, पलीकडच्या वाडीत महादेव कोळी, ओढ्याच्या अंगाला कातकरी. पण कुडाची सारवलेली भिंत सगळीकडे होती, आणि नव्या गावात गेल्यावर पहिल्या रात्री झोप येत नसली की मी भिंतीकडे तोंड करून निजायची. अंधारात भिंतीचा गारवा गालाला लागायचा, शेणामातीचा वास यायचा आणि गाव ओळखीचं वाटायला लागायचं.

वारल्यांच्या घरी लग्न म्हणजे आधी चौक. चौक लिहून झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही. घराच्या आतल्या, कणगीकडच्या अंधाऱ्या भागात भिंत सारवून, गेरूनं लालसर करून ठेवायची आणि मग सुवासिनींनी तिच्यासमोर बसायचं. सोबत धवलेरी, लग्नाची गाणी तीच म्हणते, आणि खरं सांगायचं तर लग्नही तीच लावते. आधी चौकट यायची. चौकटीच्या आत आणखी एक, तिच्या आत आणखी एक. मधल्या पट्ट्यांत साखळ्या, त्रिकोण, नागमोडी रेघा, जागा म्हणून रिकामी सोडायची नाही. मध्यभागी पालघाट, लेकुरवाळ्या घराची आणि भरल्या शिवाराची देवी. तिच्या आसपास फणी, शिडी, सूर्य आणि चंद्र. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला, पाच शिरांचा पंचशिऱ्या. आणि चौकाच्या बाहेर सगळं रान: ताड, त्यावर चढणारा माणूस, माकडं, मोर, पाणी आणणाऱ्या बायका. चौकात शिस्त असायची, बाहेर मोकळीक.

मी दारात उभी राहायची, आणि दारात उभं राहिलं की आत अंधार व्हायचा. "उजेड अडवू नको, बाय," म्हातारी धवलेरी मागं न बघता म्हणायची. मग मी आत सरकून एखाद्या पोरीजवळ बसायची. तिथल्या पोरींना काम असायचं, मला नसायचं. सगळ्यात लहानीनं पिठाची वाटी धरायची. वाटी धरणं ही पहिली इयत्ता. तिच्यात एक-दोन वर्षं सहज जायची, आणि त्या वर्षांत ती पोर काहीही न काढता सगळं बघत असायची, पीठ किती दाट हवं, काडी कुठवर बुडवायची, थेंब कसा झटकायचा. त्याच्यापुढची इयत्ता काडी चावून टोकाचा कुंचला करून देणं. मग कडेचे त्रिकोण भरणं. मग झाडं. देवीला हात लावायला मिळायचा तो स्वतःचं लग्न होऊन गेल्यावरच. कुणी कुणाला "असं काढ" म्हणून सांगितलेलं मी ऐकलं नाही. चुकलं तर धवलेरी बोटानं ओलं पुसायची आणि काडी पुन्हा त्याच पोरीच्या हातात द्यायची, एवढंच. आई हे बघून घरी आली की कितीतरी वेळ गप्प असायची. शाळेत तिच्यापाशी फळा होता, खडू होते, हजेरीपट होता, आणि अर्धी मुलं गुरं राखायला गेलेली असत.

लग्न झालं, मांडवाचे डहाळे सुकले, की चौक भिंतीवर तसाच राहायचा. त्याची कुणी निगा राखत नसे आणि मुद्दाम पुसतही नसे. आधी चुलीचा धूर त्याला पिवळसर करायचा. मग राब भाजायचे दिवस यायचे, शेताशेतातून धूर निघायचा, आकाश तांबूस व्हायचं. मग पाऊस. चार महिने कूड ओल धरून राहायचा, आतून फुगायचा, सारवणाला पापुद्रे यायचे, आणि पालघाट एकेका बाजूनं गळून पडायची. आधी शिडी, मग सूर्य, मग देवीचा एक हात. भाताची कापणी उरकून दिवाळीची सारवासारव निघाली की उरलंसुरलं चित्र नव्या सारवणाखाली जायचं. त्याचं कुणाला दुःख झालेलं मी पाहिलं नाही. मला मात्र व्हायचं. ज्या घरात तीन लेकी आणि दोन लेक त्या घराची भिंत किती जाड झाली असेल, आत किती पालघाटी एकीवर एक निजल्या असतील, याचा हिशेब मी उगाच मांडत बसायची.

आणि भातसा धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या घरांतल्या भिंती? त्या तर एकाच पावसाळ्यात विरघळल्या असतील. ते पाणी मुंबईला जातं. असो.

मुंबई म्हणजे आमच्या लेखी कसारा लोकलचं दुसरं टोक. आसनगावला गाडीत बसायचं आणि उन्हं चढेपर्यंत बसूनच राहायचं. शाळेच्या सहलीबरोबर आईनं मला तिथलं संग्रहालय दाखवलं, तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इमारतीची पायाभरणी 1905 ची. लोकांसाठी ती उघडली 1922 साली. मधल्या महायुद्धाच्या काळात तिथं जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. हे आईनं घुमटाखाली उभं राहून सांगितलं आणि माझं नाक लगेच कामाला लागलं. औषधाचा वास येतो का? नाही आला. यायचा तो थंड दगडाचा, फरशीच्या पॉलिशचा, जुन्या शिसवी कपाटांचा आणि शेकडो शाळकरी पोरांच्या डब्यांतल्या लोणच्याचा. मीरपूर खासहून आलेल्या मातीच्या मूर्ती काचेमागे होत्या, इतक्या देखण्या की जवळ जावंसं वाटत होतं. मी काचेला नाक लावलं. मातीचा वास यायला हवा होता, आला काचेचाच.

म्हणून मी त्या जागेवर रुसले असं कुणी समजू नये. सारवलेल्या भिंतीचं कौतुक करताना काचेला नावं ठेवायची एक सोपी सवय आपल्याकडे लिहिणाऱ्यांना लागली आहे. मला ती पटत नाही. ती काच नसती तर सिंधमधली ती माती आसनगावच्या पोरीला कशी भेटली असती? आणि तिथंच, एका बाजूला, आईनं एक ओबडधोबड दगड दाखवला होता. सोपाऱ्याला सापडलेला, अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा. पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली सोपाऱ्यात शोध घेतला तेव्हा हाती आलेला. सोपारा तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे आपल्या घरचं कुणी मोठ्या हुद्द्यावर भेटावं तसा आईचा चेहरा झाला. त्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहली काढायचे, मी धर्माच्या यात्रा काढतो. साधूंना भेटतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटतो, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटतो, त्यांना चार गोष्टी सांगतो आणि त्यांची विचारपूस करतो. आई हे वर्गात सांगायच्या सुरात सांगत होती. मला त्यातली विचारपूस आवडली. दगडावर राजानं ती कोरून ठेवावी इतकी ती त्याला महत्त्वाची वाटली होती.

सोपाऱ्याहून आणि कल्याणहून निघालेली व्यापाराची वाट मुरबाडवरूनच घाट चढायची. आजही वैशाखऱ्याच्या पुढं रस्ता सोडला की नाणेघाटाची पायवाट लागते, करवंदीच्या जाळ्यांतून, घडीव दगडांच्या पायऱ्यांवरून. वर खिंडीच्या तोंडाशी एक लेणं आहे, घाटमाथ्याचं म्हणून जुन्नर तालुक्यात धरलेलं. पण आम्ही खालून चढणारी माणसं त्याला आपलंच समजतो. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी ते खोदलं. बाजूच्या भिंतींवर नागनिका राणीचा लांबलचक लेख, त्यात यज्ञ आणि दक्षिणा, गाई, घोडे, हत्ती, नाणी, आणि त्यांचे आकडेही. आपल्याकडे आकडे कोरून ठेवल्याची इतकी जुनी उदाहरणं फार थोडी. पण मला ओढून नेते ती मागची भिंत. तिथं एका ओळीत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार, एक महारठी. पुतळे आता नाहीत. खाली पावलांच्या खुणा तेवढ्या शिल्लक आहेत आणि वर नावं. मधला सगळा माणूस गेलेला.

घाट चढून दमलेला प्रवासी सावलीला त्या लेण्यात टेकत असेल, पाणी पीत असेल आणि समोर राजाराणी उभे. तिकीट नाही, काच नाही. जकातीची नाणी मात्र बाहेर मोजून घेतली जात असणार, खिंडीतला दगडी रांजण त्यासाठीच होता असं सगळे सांगतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ढग आत शिरले होते, दगडाला ओलीचा वास होता, वटवाघळांचा होता, कुणीतरी केलेल्या चुलीच्या राखेचा होता. मी त्या पावलांपाशी बसून राहिले. संग्रहालयात वस्तू असते आणि तिच्या खालची चिठ्ठी हरवते, असं पुष्कळदा होतं. इथे दोन हजार वर्षं चिठ्ठ्या जागेवर आहेत आणि वस्तू उठून गेली आहे. पालघाटीचं याच्या नेमकं उलटं: तिचं नाव कुठंच लिहिलेलं नाही आणि ती दरसाल परत येते.

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्यात संग्रहालय नव्हतं. तरीही वर्षभर काही ना काही मांडलेलं असायचं आणि आम्ही ते बघत हिंडायचो. अश्विनात वाघबारस आली की रानाच्या कडेला वाघोबाच्या फळीला किंवा दगडाला नवा शेंदूर, तेलाचा ओशट वास. फळीवर कोरलेला वाघ, त्याच्या डोक्यावर चंद्रसूर्य. सुगीला तारपा वाजायचा, भोपळ्याच्या आणि बांबूच्या पोटातून निघणारा तो घोगरा, न थांबणारा सूर. उत्तरेकडे जव्हार-मोखाड्याला बोहाड्याचे मुखवटे निघत, त्यांच्या गोष्टी पाहुण्यांबरोबर आमच्याकडे येत. आवणीच्या दिवसांत बांधाबांधावर इरली, बांबूच्या कामट्यांत पानं बसवून केलेली. वाकलेल्या बाईच्या पाठीवर ते इरलं पाहिलं की त्याच्या आकाराचा उलगडा व्हायचा, एरवी ओटीवर टांगलेलं ते नुसतं अवजड वाटायचं. आता निळं प्लास्टिक आहे. ते हलकं आहे, स्वस्त आहे, त्याला गळती नाही. इरल्यासाठी हळहळणाऱ्या किती जणांनी इरल्याखाली आवणी केली असेल, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

आणि पौषात म्हसा. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरायची आणि मुरबाड तालुक्यातलं हे गाव एकाएकी एवढं मोठं व्हायचं की त्यात हरवायला मिळायचं. बैलांचा बाजार, त्यांच्या घुंगुरमाळा, शिंगांचे गोंडे, म्होरक्या. कोयते, विळे, पाटे-वरवंटे, तांब्यापितळेची भांडी. पण मी ओढीनं जायची ती घोंगड्यांच्या गल्लीत. घाटावरून आलेले विक्रेते घड्यांच्या थप्प्या लावून बसत; काळी, करडी, तपकिरी, मेंढीच्या अंगावर होती त्याच रंगाची लोकर, कडेला एखादी पांढरी रेघ. चिंचोक्याच्या खळीचा आणि लोकरीचा मिळून एक करकरीत, आंबट-तेलकट वास असायचा. गिऱ्हाईक घोंगडी उघडून उन्हाकडे धरायचं, वीण बघायचं, मग चक्क नाक खुपसून हुंगायचं आणि म्हणायचं, खळ जास्त झाली. विक्रेता म्हणायचा, पहिल्या पावसात धुऊन जाईल, मामा. पारखणाऱ्यांचं एवढं जाणतं, एवढं भांडकुदळ प्रदर्शन मी नंतर कुठल्याही कलादालनात पाहिलं नाही. तिथं सगळे हळू बोलतात आणि कुणी नाक खुपसत नाही.

चौक भिंतीवरून कागदावर कसा आला, ते आता सगळ्यांना माहीत आहे. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले, हस्तकला मंडळाचं काम म्हणून. त्यांनी कागद दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ते भरून टाकले. 1975 साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांची चित्रं लागली. 2011 मध्ये पद्मश्री आली. आई लहानपणीच गेली तेव्हा म्हशे बोलेनासे झाले होते आणि मातीत बोटानं चित्रं काढत होते, असं सांगतात. त्या मुलाचा विचार मनात आला की मला कागद, पुरस्कार, परदेश हे सगळं धूसर होतं आणि नुसतं धुळीत फिरणारं बोट दिसत राहतं. बायकांच्या हातातलं काम पुरुषांकडे गेलं, देवीऐवजी तारप्याचा फेर पुढे आला, हे खरं. तो फेर आता साड्यांवर आहे, चहाच्या मगांवर आहे, शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणांवर आहे. 2014 साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी 1 ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू, जव्हार, तलासरी सगळं तिकडं गेलं. शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले. कागदांवर वारली चित्र पालघरचं झालं. डोळखांबच्या बाजूच्या धवलेऱ्यांना ही बातमी कळली असेल असं वाटत नाही, आणि कळून त्यांचं काही अडलंही नसतं.

कुंपणावरची चित्रं ऑइलपेंटची असतात. त्यांना टर्पेंटाइनचा वास येतो आणि ती पावसाला दाद देत नाहीत. वर्षानुवर्षं तोच फेर, तेच तारपेवाले, उन्हानं रंग उडाला तरी जागेवर. मला ती बघवत नाहीत असं नाही. पण त्यांच्यासमोर वाटी धरून बसलेली पोर नसते.

या वाटीवरून मला फांगणे आठवतं. मुरबाड तालुक्यातलं लहानसं गाव. तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी उलटलेल्या विद्यार्थिनी, गुलाबी लुगडी, खांद्याला दप्तर, दुपारची कामं उरकल्यावर वर्ग. पोथी आपली आपल्याला वाचता यावी, कागदावर अंगठ्याऐवजी नाव लिहिता यावं, एवढीच मागणी. ही बातमी जगभर गेली, छायाचित्रं छापून आली, आणि सगळ्यांनी त्यातला गुलाबी रंग पाहिला. मी पाहिलं ते पाट्यांकडे. पाटी ओल्या फडक्यानं पुसलेली असली की पेन्सिलीची रेघ लगेच दिसत नाही. ती वाळता वाळता उमटते. पाटीच्या ओल्या दगडाला वास असतो, ज्यानं तो एकदा घेतला त्याला तो पुढं आयुष्यभर ओळखता येतो. जन्मभर उंबऱ्यावर रांगोळी काढलेले, तुळशीपुढं स्वस्तिकं रेखलेले ते हात. रेघेशी त्यांची ओळख कालची नव्हती. अनोळखी होतं ते फक्त हे, की या रेघेचं स्वतःचं नाव होतं.

आईनं ही बातमी वर्तमानपत्रातून कापून ठेवली. तोवर ती निवृत्त झाली होती. "दुपारी वर्ग ठेवलाय ते बरं केलं," एवढंच म्हणाली. तिनं आयुष्यभर सकाळच्या शाळेत रिकामे बाक पाहिले होते, आणि तिच्या लेखी खरं शहाणपण त्या वेळेत होतं.

2015 पासून मुंबईच्या त्या संग्रहालयाची बस गावोगावच्या शाळांत जाते, आत छोटं प्रदर्शन मांडून. मला ती कल्पना फार आवडते. अशोकाच्या आठव्या लेखातलं अर्धं काम तर झालंच की, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटणं, चार गोष्टी सांगणं. उरलेलं अर्धं, विचारपूस, ते बसला उलट दिशेनं करावं लागेल. इथून काही भरून न्यावं लागेल, आणि इथलं जे आहे ते सहजासहजी भरता येत नाही. घोंगडी येईल, इरलं येईल, तारपा येईल, पण आवणीतला वाकलेला कणा येणार नाही आणि ओल्या भिंतीचा वास दार लागताच संपेल.

तरी शहापुरात किंवा मुरबाडात, बाजारपेठेपासून जरा आत, एक संग्रहालय असावं असं मला वाटतं, आणि म्हातारपण जवळ आलं तसं ते वाटणं वाढत चाललंय. मोठं नको. पहिल्या दालनात काही ठेवू नये. एक कुडाची भिंत असावी, कारवीची, आणि दर फाल्गुनात तिच्यावर चौक लिहिला जावा, लिहिणाऱ्या बाईला तिची मजुरी रीतसर मिळावी, बघणाऱ्यांनी जमिनीवर बसावं, आणि पावसाळ्यात भिंत गळायला लागली तर छप्पर दुरुस्त करायला कुणी धावू नये. दुसऱ्या दालनात नाणेघाटातल्यासारखी नुसती नावं असावीत, कारण या दोन तालुक्यांत ज्यांनी चौक लिहिले, टोपल्या विणल्या, वाघोबा कोरले त्यांची नावं कुणी कोरून ठेवली नाहीत. निदान आता विचारून घेता येतील. पौषात कुलूप लावून सगळ्यांनी म्हशाला जावं. हे सगळं मी एकदा एका समजूतदार अधिकाऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं नम्रपणे विचारलं की मग कायमस्वरूपी संग्रहात नेमकं काय असेल. चांगला प्रश्न होता. वाटी, असं मी म्हणाले. त्यानं ते लिहून घेतलं.

गेल्या लग्नसराईत डोळखांबच्या बाजूला एका ओळखीच्या घरी गेले होते. घर आता घरकुल योजनेतलं, सिमेंटचं, भिंतींना फिकट हिरवा डिस्टेंपर. डिस्टेंपरवर सारवण धरत नाही, म्हणून नवरीच्या भावांनी आदल्या दिवशी विटेच्या तुकड्यानं घासून घासून एक चौरस खरखरीत करून ठेवला होता आणि त्यावर शेणमाती थापली होती. बाकीची हिरवी भिंत तशीच, तिच्यावर कॅलेंडर आणि एका मोबाइल कंपनीचं घड्याळ. चौकट झाली, पालघाट झाली, फणी-शिडी झाली. धवलेरी जुन्यांतलीच, गुडघे धरून भिंतीशी बसलेली. बाहेरचं रान भरायचं काम नवरीच्या दोन बहिणींकडे, दोघी शहापूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या. त्यांनी ताड काढले, माकडं काढली, आणि मग कोपऱ्यात धाकटीनं एक लांबट डबा काढून त्याला चाकं लावली.

"हे काय लिवलंस गं?" म्हातारीनं विचारलं.

"एस.टी. हाय, आजी. पावणे येतात ना."

म्हातारीनं बराच वेळ त्या डब्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोट पुढं येतं आणि गाडी पुसली जाते. मोठीलाही तसंच वाटलं असावं, तिनं वाटी मागं घेतली.

"आनि कंडाक्टर कुठं हाय?" म्हातारी म्हणाली. "फुकाट नेतोय काय तो आपल्याला?"

धाकटीनं दाराशी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले, वर वाटोळं डोकं ठेवलं. म्हातारीचं समाधान झालं नाही. त्याच्या खांद्याला चामड्याची पिशवी हवी, म्हणाली, नि सुट्टे पैसे हवेत.